विश्लेषण : ना खिळे, ना फळ्या… इनुइटांची कातडी कयाक कशी बनते? ती पुन्हा का शिकवली जात आहे?

आज पर्यटनस्थळांवर भाड्याने मिळणारी प्लास्टिकची रंगीत कयाक सर्वांना परिचित आहे. पण ‘कयाक’ हा शब्द आणि ही होडी, दोन्ही आर्क्टिक प्रदेशातील इनुइट समाजाची देणगी आहे. लाकडी सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून बनवलेली ही होडी विसाव्या शतकात विस्मरणात जाऊ लागली होती. ती पुन्हा हाताने बांधण्याचा प्रयत्न का होत आहे, याविषयी…

झाडेच नाहीत, मग लाकूड कुठून?

ग्रीनलँडच्या बहुतेक भागात होडीजोगे झाड उगवत नाही. तिथे लाकूड येते ते समुद्रावरून. सायबेरियातील ओब, येनिसेई, लेना या नद्यांमधून वाहून आलेले ओंडके आर्क्टिक महासागरातील बर्फात अडकतात आणि बर्फासोबत सरकत काही वर्षांनी ग्रीनलँडच्या किनाऱ्याला लागतात. लाकूड असे दुर्मीळ असल्याने फळ्यांची होडी परवडणारी नव्हती. त्यामुळे लाकूड फक्त सांगाड्यापुरते आणि बाकी सारे कातडे, अशी रचना विकसित झाली.

माप कसे घेतात?

शिकाऱ्याचे शरीर हीच मोजपट्टी. ग्रीनलँडमधील प्रचलित ठोकताळ्यानुसार होडीची लांबी तीन वाव, म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होणाऱ्या अंतराच्या तिप्पट असते. रुंदी कमरेइतकी अधिक दोन मुठी आणि खोली एक मूठ व वर ताणलेला अंगठा इतकी. वल्हे एक वाव आणि एक हात लांब. या हिशेबाने होडी सुमारे पाच मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद होते. ती मालकाच्या अंगाला कपड्यासारखी बसते, म्हणूनच दुसऱ्याच्या कयाकमध्ये बसणे अवघड जाते.

खिळ्यांशिवाय सांगाडा टिकतो कसा?

दोन्ही बाजूंच्या लांब पट्ट्यांना खाचा पाडून त्यात आडव्या दांड्या बसवतात. खाली वाफवून किंवा भिजवून वाकवलेल्या बरगड्या येतात आणि त्यांवर कण्याची व बाजूची लांब पट्टी बांधली जाते. जोड लाकडी खुंट्यांनी आणि कातड्याच्या किंवा स्नायुतंतूंच्या दोरीने आवळतात. खिळ्याने जखडलेला सांधा लाटेच्या माऱ्याने ढिला होतो किंवा लाकूड चिरते. बांधलेला सांधा मात्र थोडा हलतो, लाटेबरोबर वाकतो आणि पुन्हा जागेवर येतो.

कातडे शिवण्याचे काम कुणाचे?

सांगाडा पुरुष बांधत, पण होडी पाण्यात तरंगणार की नाही हे ठरे स्त्रियांच्या सुईवर. ओले कातडे सांगाड्यावर ताणून शिवले जाई. वाळल्यावर ते ढोलाच्या पानासारखे घट्ट होई. शिवण दुहेरी असे आणि एका बाजूला सुई कातड्याच्या आरपार जाऊ दिली जात नसे, म्हणजे पाण्याला वाटच उरत नसे. स्नायुतंतूंचा धागा भिजला की फुगतो आणि टाका आणखी बंद होतो. शिवणीवर चरबी चोळली जाई. गोठणबिंदूजवळच्या पाण्यात एक सैल टाकाही जिवावर बेतू शकत होता.

ही विद्या हरवली कशी?

हवामानातील बदलांनंतर विसाव्या शतकात ग्रीनलँडच्या अनेक भागांत सीलच्या शिकारीची जागा मासेमारीने घेतली. मोटारबोटी आल्या. कयाक वापरणारे कमी झाले, तशी ती बांधणारी आणि शिवणारी माणसेही. असे पूर्वीही घडले होते. वायव्य ग्रीनलँडमधील इनुघुइट समाज कयाक बांधणेच विसरला होता. जाणत्या माणसांचा साथीच्या रोगात मृत्यू झाल्याने असे झाले असावे, असे अभ्यासक मानतात. 1860 च्या दशकात बॅफिन बेटावरून आलेल्या इनुइट गटाने त्यांना ती पुन्हा शिकवली. शिकवणारे हात उरले नाहीत, तर गरजेची विद्याही टिकत नाही, याचे हे बोलके उदाहरण.

पुनरुज्जीवन कसे झाले?

1980 च्या दशकात ग्रीनलँडमधील तरुणांनी कयाक मंडळे स्थापन केली. आता तिथे दरवर्षी राष्ट्रीय स्पर्धा होतात. उलटलेली होडी आत बसल्या बसल्या सरळ करण्याच्या अनेक पद्धती हा त्यातील महत्त्वाचा भाग. एकेकाळी तेच शिकाऱ्याचे आयुष्य वाचवणारे कौशल्य होते. कानाक परिसरात आजही नार्व्हलची शिकार कयाकमधून, हार्पून वापरून केली जाते. इतरत्र हौशी कारागीर 1964 मध्ये स्मिथसोनियनने प्रसिद्ध केलेल्या एडविन टॅपन अ‍ॅडनी आणि हॉवर्ड चॅपेल यांच्या ग्रंथातील आराखड्यांचा आधार घेतात. कातड्याऐवजी नायलॉनचे कापड आणि त्यावर पॉलियुरेथेनचा थर, स्नायुतंतूंऐवजी मेणाचा कृत्रिम धागा, एवढाच बदल. अशी होडी एका माणसाला खांद्यावरून सहज नेता येते.

भारतात असे काही आहे का?

तत्त्व ओळखीचे आहे. हम्पीजवळ तुंगभद्रेत चालणाऱ्या गोल टोपलीवजा होड्या याच जातीच्या. सोळाव्या शतकात विजयनगरला आलेला पोर्तुगीज प्रवासी दोमिंगो पाएस याने आतून वेताच्या आणि बाहेरून चामड्याने मढवलेल्या अशा होड्यांचे वर्णन केले आहे. आज चामड्याची जागा प्लास्टिक आणि डांबराने घेतली आहे.

पुढे काय?

वाहत येणारे लाकूड बर्फाच्या आधारानेच दूरवर पोहोचते. बर्फाशिवाय ते पाणी शोषून वाटेतच बुडते. आर्क्टिकमधील बर्फ आटत असल्याने हा पुरवठाही धोक्यात आहे. बाजारातून लाकूड आणता येईल, कापडही मिळेल. पण कुठला सांधा किती आवळायचा आणि टाका किती खोल घालायचा, हे शेजारी बसूनच शिकावे लागते. म्हणूनच या कार्यशाळांमध्ये होडीइतकेच महत्त्व शिकवणाऱ्या हातांना आहे.