मोबदल्याचा पैसा आणि भाड्याचें घर

छत्रपती संभाजीनगरच्या छावणींत गुरुवारीं आठवडी बाजार भरतो, हें आमच्या बहुतेक वाचकांस सांगावयास नको. तेथें बैल घ्यावयास आलेला शेतकरी घाई करीत नाहीं. तो दांत पाहतो, खूर उचलून पाहतो, जनावरास चार पावलें चालवितो, आणि मगच दराची भाषा काढतो. पण तोच गृहस्थ, जमिनीचा मोबदला हातीं आला म्हणजे, दलालाच्या मोटारसायकलीवर बसून पन्नास लक्षांचें घर एका फेरींत ठरवून येतो, असें आम्हीं एकदां नव्हे, अनेकदां ऐकिलें आहे.

शेंद्रा-बिडकीनची औद्योगिक नगरी आणि समृद्धी महामार्ग यांसाठीं या जिल्ह्यांतील पुष्कळ जमीन गेली. गेलेल्या काळीच्या जागीं दुसरें कायमचें उत्पन्न शोधतांना खातेदारांची दृष्टि शहरांतील भाड्याच्या घराकडे वळावी, हें स्वाभाविकच आहे. वाळूजच्या कारखान्यांतील कामगारास खोली लागते. १९५० सालीं सुरू झालेल्या मिलिंद महाविद्यालयाच्या आणि १९५८ सालीं स्थापन झालेल्या विद्यापीठाच्या विद्यार्थ्यासही लागते. छावणीचा भाग तर शहर व वाळूज यांच्या वाटेवरच पडतो. तेव्हां चार बिऱ्हाडांचें एक लहान घर घ्यावें, ही कल्पना मुळांत वाईट नव्हे. एका मोठ्या बंगल्यापेक्षां चार लहान बिऱ्हाडें बरीं. बंगल्याचा भाडेकरू उठला कीं सारें उत्पन्न थांबतें, येथें एक बिऱ्हाड गेलें तरी तीन राहतात. आमचें म्हणणें एवढेंच कीं, जमीन घेतांना जे प्रश्न आपण विचारितों, तेच घराविषयीं विचारावे. आणि त्यांत पहिला प्रश्न, खालची माती कोणाची, हा होय.

छावणीच्या हद्दींत हा प्रश्न इतर ठिकाणांहून निराळा आहे. निजामाच्या कंटिंजंट फौजेच्या ठाण्यापासून ही वसाहत वाढली. लष्करी छावण्यांतील जमिनींची एक स्वतंत्र नोंदवही असते. तींत ‘बी-२’ वर्गाची जमीन खासगी मालकीची समजली जाते. पण ‘बी-३’ वर्गांत जमिनीची मालकी केंद्र सरकारनें स्वतःकडे राखिलेली असते व धारकाचा हक्क, जुन्या अनुदानाच्या अटींवर किंवा पट्ट्यानें, मुख्यतः वरील इमारतीपुरता असतो. जुन्या अनुदानाची नेहमींची अट अशी कीं, सरकारनें एक महिन्याची सूचना देऊन व इमारतीची किंमत चुकती करून जागा परत घ्यावी. मातीची किंमत मिळत नाहीं, कारण ती धारकाची नव्हतीच. विकणारा मात्र पैसे घेतो ते माती व भिंती दोहोंचे!

आमच्या ओळखीच्या एका शेतकरी गृहस्थानें असेंच एक दुमजली घर पाहिलें. खालीं दोन बिऱ्हाडें, वर दोन. रंग ताजा, भाडेकरू हसतमुख. इसार देऊन झाल्यावर कर्जासाठीं तो बँकेंत गेला, तेव्हां जागा ‘बी-३’ असून वरच्या मजल्यास परवानगीच नाहीं असें निघालें. बँकेनें कर्ज नाकारलें. त्यास बँकेचा राग आला. आम्हांस वाटतें, त्यानें तिचे आभार मानावयास हवे होते. परवानगीवांचून झालेलें बांधकाम पाडण्याचा हुकूम २००६ च्या छावणी कायद्याखालीं निघूं शकतो, आणि तो निघाला असता तर अर्धें उत्पन्न एका दिवसांत गेलें असतें. इसाराची रक्कम परत मिळण्यास त्यास पुष्कळ हेलपाटे घालावे लागले, व ती पुरती मिळाली नाहींच.

म्हणून छावणींतील घराबाबत छावणी परिषदेच्या व रक्षा संपदा खात्याच्या दप्तरीं वर्ग कोणता, नांव कोणाचें, मजले किती मंजूर, हें लेखी घ्यावें. छावण्यांतील नागरी वस्ती शेजारच्या नगरसंस्थांत विलीन करण्याचें धोरण सरकारनें अंगीकारिलें असून २०२३ सालीं हिमाचल प्रदेशांतील खास योलपासून त्याचा आरंभ झाला. दलाल याचा उपयोग भाव चढविण्यास करितात. विलीनीकरणाच्या आशेवर आज अधिक पैसे मोजणें म्हणजे पडणाऱ्या पावसावर आजच कापूस विकण्यासारखें आहे.

हद्दीबाहेर पडेगाव, मिटमिटा, भावसिंगपुरा या बाजूंस निराळी काळजी घ्यावी लागते. तिकडे शेत तोडून पाडलेल्या गुंठेवारीच्या प्लॉटांवर पुष्कळ घरें उभीं आहेत. अशीं बांधकामें नियमित करण्याचा कायदा २००१ सालचा असून २०२१ च्या सुधारणेनें त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांस लागू झाली. तेव्हां विकणाऱ्याजवळ नियमितीकरणाचें प्रमाणपत्र आहे काय, हें विचारावें. शंभर रुपयांच्या बॉण्डवर नोटरी करून घेतलेला कागद हें खरेदीखत नव्हे. घराची खरेदी दुय्यम निबंधकाच्या कचेरींत नोंदल्यावांचून मालकी येत नाहीं. घरपट्टीची पावती ही देखील मालकी नव्हे.

दुसरा प्रश्न पाण्याचा. शेतकऱ्यास हा शिकवावा लागूं नये, पण शहरांत गेल्यावर तो कां विसरतो कोण जाणे! मलिक अंबरानें नहर बांधिलेल्या या शहराला आज नाथसागराचें पाणी येतें, आणि दिवसांचें अंतर टाकून येणाऱ्या नळाची कथा सर्वांस ठाऊक आहे. चार बिऱ्हाडांस पुरेल असा हौद आहे काय, बोअर मे महिन्यांत चालतो काय, टँकर आंत येईल एवढी गल्ली रुंद आहे काय, हें उन्हाळ्यांत जाऊन पाहावें. श्रावणांत पाहिलेलें घर अर्धेंच पाहिलेलें असतें. भाडेकरूंस मालकाच्या पाठीमागें एकदां विचारावें. मालक जें सांगत नाहीं तें ते सांगतात.

आतां उत्पन्नाचा हिशेब. समजा, घर ५० लक्षांचें आहे आणि मुद्रांक, नोंदणी, वकील, दलाली व पहिली डागडुजी मिळून आणखी साडेतीन लक्ष गेले. चार बिऱ्हाडांचें भाडें दरमहा ७,००० प्रमाणें वर्षाचें ३,३६,००० होतें. दलाल येथेंच थांबतो. परंतु वर्षांत एका महिन्याएवढें भाडें खोल्या रिकाम्या राहून बुडेल, म्हणून २८,००० वजा करावे. घरपट्टी व पाणीपट्टीचे २०,०००, गळती, रंग व नळांचे ३०,०००, टँकर, मोटार व जिन्यावरील दिव्याचे २४,००० धरावे. हातीं २,३४,००० उरतात, म्हणजे घातलेल्या रकमेवर शेकडा साडेचारही नाहीं. याच घरासाठीं ३० लक्षांचें कर्ज शेकडा ९ दरानें काढलें, तर पहिल्या वर्षीं व्याजच सुमारें २,७०,००० होईल. घर भाडेकरूंनीं भरलेलें असूनही मालकानें शेतांतून पैसे आणून बँकेस भरावे, असा हा धंदा झाला! कर्ज काढून भाडें खाण्याचा बेत असेल तर प्रथम हे आंकडे आपल्या घरास लावून पाहावे. चारांपैकीं एका बिऱ्हाडांत आपलीं शिकणारीं मुलें ठेविलीं, तर तें भाडें हातीं येणार नाहीं. पण दुसऱ्यास द्यावें लागणारें भाडें वांचेल आणि घरावर आपल्या माणसाची नजर राहील. नवख्यास आम्ही हाच मार्ग सुचवूं.

भाडेकरूशीं करार तोंडी ठेवूं नये. अकरा महिन्यांच्या कागदाची नोंदणी लागत नाहीं, हा समज महाराष्ट्रांत चुकीचा आहे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमान्वयें करार लेखी व नोंदलेला असला पाहिजे; ती जबाबदारी घरमालकाची आहे, व करार तसा नसेल तर वादांत भाडेकरूचें म्हणणें प्रथमदर्शनीं ग्राह्य धरलें जातें. नोंदलेल्या परवान्याची मुदत संपूनही कोणी जागा सोडली नाहीं, तर दुप्पट दरानें भरपाई मागतां येते. मात्र छावणीच्या हद्दींत राज्याचा भाडेकायदा आपोआप लागू होत नाहीं. तो केंद्र सरकारनें १९५७ च्या कायद्याखालीं अधिसूचना काढून तेथें लागू करावा लागतो. यास्तव तेथील घराचा करार स्थानिक वकिलाकडूनच करून घ्यावा. आणि भाडें थकलें म्हणून कोणाचें पाणी किंवा वीज तोडूं नये. त्या दिवशीं खटला मालकाच्या बाजूचा होता तो भाडेकरूच्या बाजूचा होतो.

शेतीचें उत्पन्न प्राप्तिकरांतून मुक्त आहे, घरभाडें नाहीं. भरलेली घरपट्टी वजा जातां उरलेल्या रकमेवर शेकडा ३० वजावट मिळते. परंतु इतर उत्पन्न करमुक्त मर्यादेपलीकडे गेलें, तर कराचा दर ठरवितांना शेतीचें उत्पन्नही जमेस धरलें जातें. भाड्याच्या पावत्या आणि दुरुस्तीचीं बिलें एका वहींत चिकटवून ठेवावीं. घर बायकोच्या नांवें घ्यावयाचें कीं दोघांच्या, हेंही इसारापूर्वींच ठरवावें. खरेदीखत झाल्यावर नांव घालावयाचें तर पुन्हां दस्त व पुन्हां खर्च आला.