मांडव गटाचा, दरवर्षी कामाचा

चैत्र लागला की आपल्या सांगली-साताऱ्याकडे यात्रा-जत्रा सुरू होतात. यात्रा असो, गटाचा मेळावा असो की लग्न, मांडव लागतोच, आणि भाडं दरवेळी द्यावं लागतं. म्हणून आज आपण सोडून ठेवता येईल आणि पुन्हा उभा करता येईल अशा लाकडी मांडवाबद्दल बोलू.

कल्पना काही नवी नाही. आपल्या कवलापूरच्या काळू-बाळूंचा तमाशा गावोगाव फिरला. फिरत्या फडाला सगळं सामान लवकर सोडता आलं पाहिजे, गाडीत मावलं पाहिजे आणि पुढच्या गावी तसंच उभं राहिलं पाहिजे. आपल्या मांडवालाही तेच लागू.

पहिली गोष्ट माप. सगळ्या मेढी १३ फुटी घ्या. ३ फूट खड्ड्यात, १० फूट वर. मेढींमध्ये १० फुटांचं अंतर ठेवलं की एक खण झाला. त्यात मांडी घालून साधारण १५ जणी बसतात. ६० जणींना ४ खण, म्हणजे ९ मेढी. ९० जणींना ६ खण, १२ मेढी. सगळे वासे एकाच मापाचे असले की कुठलाही वासा कुठंही बसतो.

दुसरी गोष्ट जोड. खिळ्यानं लाकूड चिरतं आणि खिळा उपटला की भोक मोठं होतं. म्हणून काथ्यानं घट्ट बांधा किंवा नट-बोल्ट वापरा.

तिसरी गोष्ट वारा. वळवाचा वारा छताखाली शिरला की मांडव वर उचलतो. चौकोनी चौकट वाऱ्यानं कलते, पण कोपऱ्यात तिरका टेका दिला की त्रिकोण होतो आणि त्रिकोण हलत नाही. बाहेरून दोरांचे ताण द्या, खुंट खोल ठोका. छताला उतार हवाच. एका खणावर इंचभर पाणी साचलं तरी सव्वादोनशे किलोंहून जास्त ओझं होतं. एवढं वजन डोक्यावर घेऊन लेकरंबाळं बसवायची नाहीत.

चौथी गोष्ट आग. हरियाणातल्या डबवालीत २३ डिसेंबर १९९५ रोजी शाळेच्या कार्यक्रमात मांडव पेटला. चारशेहून जास्त माणसं गेली, त्यात लहान मुलं फार. छताला कृत्रिम धाग्याचं कापड होतं आणि बाहेर पडायला वाट अपुरी होती. म्हणून कापड सुतीच घ्या. सुतीही पेटतं, पण वितळून अंगावर गळत नाही. समोरासमोर किमान दोन रुंद वाटा ठेवा आणि तिथं खुर्च्या मांडू देऊ नका. विजेच्या तारेखाली मांडव नको. स्वयंपाकाची चूल लांब ठेवा. पाण्याची पिंपं आणि वाळूच्या बादल्या भरून ठेवा.

कार्यक्रम झाला की लाकूड पुसून, वाळवून, विटांवर रचून छपराखाली ठेवा. जमिनीत जाणाऱ्या टोकाला डांबर लावा, म्हणजे वाळवी लवकर लागत नाही. प्रत्येक नगावर रंगानं आकडा घाला आणि वहीत नोंद करा. किडका, चिरलेला वासा बाजूला काढा. तो चुलीला चालेल, मांडवाला नाही.

पुढच्या बैठकीत वर्षभराच्या भाड्याच्या पावत्या घेऊन बसा. एका बाजूला भाडं मांडा, दुसऱ्या बाजूला लाकूड, कापड आणि दोराचा खर्च. किती वर्षांत पैसे फिटतात, ते बघा आणि मगच ठराव करा.