मोटारीचीं चाकें निवडतांना

मोटारीस मोठीं चाकें शोभतात खरीं. परंतु टायरासह चाकाचा एकूण व्यास मूळचाच राहिला पाहिजे, नाहीं तर वेगदर्शक खोटा वेग दाखवील. १८५/६५ आर १५ या टायराचा व्यास ६२१.५ मिलिमीटर भरतो. १६ इंची चाकावर १९५/५५ घेतल्यास ६२०.९, म्हणजे जवळजवळ तितकाच.

दुसरी गोष्ट ऑफसेटची. चाकाच्या रुंदीची मध्यरेषा आणि हबला टेकणारा पृष्ठभाग यांतील अंतर म्हणजे ऑफसेट. रुंदी तीच ठेवून तो ४५ वरून ३५ मिलिमीटर केला, कीं चाक १० मिलिमीटर बाहेर येतें. बेअरिंगवरील ताण वाढतो, टायर मडगार्डास घासण्याचा संभव असतो. फार वाढविला, तर तें आंत सस्पेन्शनला भिडतें. म्हणून चाक डौलावरून नव्हे, आंकड्यांवरून निवडावें. घरच्या माणसांचे प्राण त्यावर अवलंबून असतात.