पाणी नितळ, तरी फायटर मासा आजारी का?

काचेची छोटी बरणी, तळाशी रंगीत खडे आणि त्यात एकटाच फिरणारा निळा किंवा लाल ‘फायटर’. मुलांच्या हट्टापायी आणलेला हा मासा पहिले काही दिवस मजेत असतो. मग तो खाणे सोडतो, पर मिटून एका कोपऱ्यात थांबतो आणि एके दिवशी तळाशी पडलेला सापडतो. पाणी तर स्वच्छ होते, मग झाले काय, असा प्रश्न घरच्यांना पडतो. पाणी स्वच्छ दिसत होते, एवढेच त्यात खरे असते.

फायटर म्हणजे बेट्टा. हा मूळचा थायलंडमधल्या भातखाचरांचा आणि उथळ पाणथळींचा मासा. थायलंडने 2019 मध्ये त्याला राष्ट्रीय जलचराचा दर्जा दिला. कल्ल्यांच्या जोडीला त्याच्याकडे हवेतला प्राणवायू घेणारे खास इंद्रिय असते. म्हणूनच तो अधूनमधून पृष्ठभागावर येऊन हवा घेतो आणि दुकानातल्या छोट्या बाटलीतही तग धरतो. त्यावरून तो बरणीतही सुखाने राहतो, असा समज झाला. पण श्वास हवेतून घेतला, तरी विष्ठा पाण्यातच जाते.

न दिसणारे विष

माशाची विष्ठा, कल्ल्यांतून बाहेर पडणारा कचरा आणि उरलेले खाद्य यांतून अमोनिया तयार होतो. त्याला रंग नसतो, त्यामुळे पाणी नितळच दिसते. शेतात युरिया टाकल्यावर मातीतले जिवाणू जे काम करतात, तेच काम टाकीत उपयोगी पडते. ते अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतात. मात्र नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. बहुतेक मासे याच काळात दगावतात.

शिरूर घोड नदीकाठी, तर दौंड भीमेकाठी वसले आहे. दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले असल्याने अनेक घरांत नळाबरोबर बोअरचे किंवा टँकरचे पाणीही वापरले जाते. काळ्या पाषाणातून येणारे बोअरचे पाणी बहुधा जड आणि किंचित विम्लधर्मी असते. माती परीक्षणात शेतकरी जो ‘सामू’ पाहतात, तोच इथे महत्त्वाचा. पाण्याचा सामू 7 वरून 8 वर गेला, की तेवढ्याच अमोनियातला विषारी भाग सुमारे दहापट होतो. तापमानाबरोबरही तो वाढतो. त्यामुळे एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात छोटी बरणी जास्तच धोकादायक ठरते.

जड पाण्याची सवय बेट्टा करून घेतो, अचानक बदल मात्र त्याला सोसत नाही. निव्वळ आरओचे पाणीही योग्य नाही. त्यात क्षार फार कमी असल्याने सामू झपाट्याने घसरू शकतो.

काय करावे?

टाकी किमान 15 ते 20 लिटरची असावी. आठवड्याला एक चतुर्थांश पाणी बदलावे, सगळे एकदम बदलू नये. नळाच्या पाण्यातले टीसीएल माशाला आणि जिवाणूंनाही मारक असते. असे पाणी उघड्या बादलीत 24 तास ठेवावे किंवा मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारे अँटिक्लोरीन वापरावे. फिल्टरचा स्पंज नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा, म्हणजे जिवाणू टिकतात.

पाण्याचे तापमान 25 ते 28 अंश असावे. थंडीत छोटा हीटर लावावा आणि उन्हाळ्यात टाकी खिडकीपासून दूर ठेवावी. खाद्य दिवसातून दोनदा, दोन-तीन दाणेच द्यावे. मासा सतत वर येऊन धापा टाकत असेल किंवा कल्ले लाल झाले असतील, तर औषधाआधी अमोनिया तपासावा. तपासणीचा संच मत्स्यालयाच्या दुकानांत मिळतो. हाताला जखम असल्यास टाकीत हात घालू नये, काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत.

मासा नकोसा झाला, तरी त्याला विहिरीत किंवा नदीत सोडू नये. परदेशातून आलेली चिलापी भीमेत आणि उजनीत कशी पसरली, हे इथल्या मच्छीमारांना ठाऊक आहे. बेट्टा नीट सांभाळला तर तीन वर्षेही जगतो. त्यामुळे आधी टाकीत पाणी भरून फिल्टर सुरू ठेवावा, जिवाणूंना अमोनिया मिळावा म्हणून रोज चिमूटभर खाद्य टाकावे आणि तपासणीत अमोनिया व नायट्राइट शून्य आल्यावरच मासा आणावा.