शंभर मीटर आणि मांडीमागचा स्नायू

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की थोड्याच दिवसांत दवाखान्यात लंगडत येणाऱ्या मुलांची संख्या वाढते. तक्रार बहुधा एकच. "डॉक्टर, पळताना मागून कुणीतरी दगड मारल्यासारखं झालं. नस ताणली." मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी १५ गुण १०० मीटरला असतात. महिनोन्महिने १६०० मीटरचा सराव केलेला मुलगा शेवटच्या आठवड्यात एकदम जिवाच्या आकांताने शंभर मीटर पळू लागतो आणि तिथेच घात होतो. ताणली जाते ती नस नव्हे, मांडीच्या मागचा स्नायू. खेळाडू त्याला हॅमस्ट्रिंग म्हणतात.

तो दुखावतो का, हे समजण्यासाठी माणूस वेगाने पळतो कसा ते पाहावे लागेल. पाय भराभर हलवले की वेग वाढतो, अशी आपली समजूत असते. अमेरिकेतील संशोधक पीटर वेयंड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली दाखवून दिले की, पूर्ण वेगात असताना पाय उचलून पुढे आणायला जलद आणि संथ अशा दोघांनाही जवळजवळ सारखाच वेळ लागतो. फरक पडतो तो जमिनीला किती रेटा दिला यात. निष्णात धावपटूचे पाऊल जमिनीला टेकते ते सेकंदाच्या जेमतेम दहाव्या भागापुरते, आणि तेवढ्यात त्या एका पायावर शरीराच्या वजनाच्या चौपटीच्या आसपास भार येतो. उसेन बोल्टने २००९ साली बर्लिनमध्ये १०० मीटर ९.५८ सेकंदांत पार केले, ते सुमारे ४१ पावलांत. साठ ते ऐंशी मीटरच्या टप्प्यात त्याचा वेग ताशी ४४ किलोमीटरच्या वर गेला होता. पुढे तोही किंचित उतरला. शेवटी वेग उतरणे स्वाभाविकच आहे. आपली मुले मात्र तो भरून काढायला लांब लांब टांगा टाकतात.

इथेच मेख आहे. पाय हवेतून पुढे फेकला जातो, गुडघा सरळ होऊ लागतो, तेव्हा त्याला आवर घालण्याचे काम मांडीमागच्या स्नायूचे. भरलेली गाडी उतारावर मागून ओढून धरावी, तसा तो आवळलेलाही असतो आणि लांबतही असतो. पाऊल टेकण्याच्या जरासे आधी हा ताण सर्वांत जास्त असतो व बहुधा तेव्हाच तंतू फाटतात. टांग जितकी लांब, तितका ताण अधिक. शिवाय पाऊल शरीराच्या फार पुढे पडले की ब्रेकच लागतो, वेग वाढत नाही. बोल्टसारखा बोल्टही २०१७ साली लंडनला आपल्या अखेरच्या शर्यतीत याच स्नायूने दगा दिल्याने मैदानावर कोसळला.

दुखावल्यावर आपल्याकडे पहिली धाव चोळणाऱ्याकडे. पहिले दोन दिवस चोळू नये, शेकू नये. आतला रक्तस्राव वाढतो. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा, आणि वर क्रेप बँडेज. मांडी काळीनिळी पडली, हाताला खळगा लागला किंवा पाय टेकवेना, तर मात्र ताबडतोब डॉक्टरांना दाखवावे.

हे टाळण्यासाठी एक व्यायाम सांगतो. गुडघ्यांवर उभे राहा, मित्राला घोटे घट्ट धरायला सांगा, आणि कंबर न वाकवता जितके सावकाश जमेल तितके पुढे झुका. तोल जाईल तिथे हात टेका. सुरुवातीला आठवड्यातून एकदा, पाच-पाच वेळा दोनदा पुरे. मांड्या दुखतील, घाबरू नका. फुटबॉलपटूंवरील अभ्यासांत या व्यायामाने अशा दुखापती निम्म्यावर आल्या. शिवाय १०० मीटरचा वेग काही आठवडे घेऊन टप्प्याटप्प्याने वाढवा, आणि अंग गरम झाल्याशिवाय पूर्ण जोराने पळू नका.

किरकोळ दुखापत दोन-तीन आठवड्यांत भरते, मोठीला दीड-दोन महिने लागतात. "इंजेक्शन द्या, उद्या चाचणी आहे," म्हणणारे पालकही येतात. मी देत नाही. दुखणे दबते, फाटलेले तंतू तसेच राहतात. आणि त्यावर पळून स्नायू पुन्हा फाटला, तर बहुधा पहिल्यापेक्षा जास्त दिवस घरी बसावे लागते.