महाराष्ट्रीय अस्मिता आणि इतिहासग्रंथ

स्वतःच्या भूतकाळाविषयी लोकसमूहाच्या मनात दृढ झालेली आणि ग्रंथांच्या द्वारे पिढ्यान्‌पिढ्या पोहोचविली गेलेली प्रतिमा हा त्याच्या अस्मितेचा एक प्रमुख आधार होय. महाराष्ट्रात ही प्रतिमा एकोणिसाव्या शतकापासून मुख्यतः मराठेशाहीच्या इतिहासावर उभी राहिली. इतिहास, चरित्र, साधनसंग्रह, पोवाडा आणि ऐतिहासिक कादंबरी या सर्वांचा तिच्या घडणीत वाटा आहे. मात्र हे ग्रंथ एकमेकांना पूरक आहेत, तितकेच ते एकमेकांशी भांडणारेही आहेत.

सत्ता गमावलेल्या समाजाने ग्रंथांत आपला भूतकाळ सांभाळावा, याचे यूरोपातील ठळक उदाहरण स्कॉटलंडचे आहे. १७०७ मध्ये स्कॉटलंडची स्वतंत्र संसद संपुष्टात आली आणि १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईत हायलंडमधील टोळ्यांचा निर्णायक पराभव झाला. त्यानंतर दोन पिढ्यांच्या आत सर वॉल्टर स्कॉटने वेव्हर्ली (१८१४) या कादंबरीपासून त्या बंडाला, त्या डोंगराळ प्रदेशाला व तेथील रीतिरिवाजांना वाङ्‌मयीन प्रतिष्ठा मिळवून दिली. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोस आला, तेव्हा एके काळी कायद्याने निषिद्ध ठरलेल्या हायलंडी पोशाखाचा थाटमाट स्कॉटनेच घडवून आणला. महाराष्ट्रातही १८१८ नंतर हेच घडू शकले असते. पण येथील आरंभ उलट्या बाजूने झाला. मराठ्यांचा पहिला आधुनिक इतिहास जेत्यांच्या अधिकाऱ्याने लिहिला, आणि तो अधिकारी जन्माने स्कॉटिशच होता.

जेम्स कनिंगहॅम ग्रँट डफ (१७८९–१८५८) याचा जन्म स्कॉटलंडमधील बॅन्फ येथे झाला. मराठी राज्य बुडाल्यावर मौंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टनने—तोही स्कॉटिशच—त्याची साताऱ्यास नेमणूक केली. १८२२ पर्यंत तेथील कारभार पाहत असताना त्याने छत्रपतींच्या व सरदार घराण्यांच्या दप्तरांतील कागद, मराठी बखरी, फार्सी तवारिखा, तसेच इंग्रजांच्या व गोव्याच्या पोर्तुगीजांच्या दप्तरांतील नोंदी जमविल्या. त्यांवरून सिद्ध झालेला त्याचा मराठ्यांचा त्रिखंडात्मक इंग्रजी इतिहास १८२६ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाला. डेव्हिड केपनने केलेले त्याचे मराठी भाषांतर १८३० च्या सुमारास मराठ्यांची बखर या नावाने निघाले व पुढे बराच काळ शाळांतून वाचले गेले. घटनांचा क्रम लावण्याचे ग्रँट डफचे काम भक्कम आहे. त्याच्यावर टीका करणाऱ्यांनाही त्याच सांगाड्यावर काम करावे लागले. आक्षेप होता तो त्याच्या उपपत्तीवर. सह्याद्रीच्या रानात वणवा पेटावा तसा मराठ्यांचा उदय अवचित झाला, अशा अर्थाची उपमा त्याने वापरली होती. त्या एका उपमेने महाराष्ट्रातील दोन-तीन पिढ्यांना लिहिते केले.

पहिला प्रतिवाद एका विद्यार्थ्याने केला. नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६७-६८ च्या सुमारास पुण्यात ग्रँट डफच्या ग्रंथावर टीकात्मक निबंध वाचून त्यातील उणिवा दाखविल्या. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या निबंधमालेने (१८७४) स्वकीयांनी स्वतःचा इतिहास लिहिण्याच्या आकांक्षेला धार दिली. का. ना. साने, ज. बा. मोडक व शं. तु. शाळिग्राम यांनी काव्येतिहाससंग्रह (१८७८–८८) या मासिकातून बखरी व पत्रे छापून काढली. महादेव गोविंद रानडे यांनी मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील आपल्या इंग्रजी ग्रंथात (१९००) वणव्याच्या उपमेचे सरळ खंडन केले. संतांनी केलेल्या जागृतीने जमीन आधी तयार झाली होती, असा त्यांचा सिद्धांत होता.

तथापि केवळ सिद्धांताने उत्तर पुरे होत नाही, हे विश्वनाथ काशीनाथ राजवाडे (१८६३–१९२६) यांनी ओळखले. मराठ्यांच्या इतिहासाची साधने या मालेचा पहिला खंड त्यांनी १८९८ मध्ये काढला. वाई येथे हाती आलेल्या व १७५० ते १७६१ या काळातील घडामोडींवर प्रकाश टाकणाऱ्या पत्रांचा तो संग्रह होता. पुढे असे एकूण बावीस खंड झाले. जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर वाळवी खात पडलेले किंवा रद्दीत निघालेले कागद मिळविण्यासाठी राजवाडे गावोगाव हिंडले. समकालीन अस्सल कागदापुढे मागाहून रचलेल्या बखरीचे मोल त्यांच्या दृष्टीने नगण्य होते. हे सर्व लेखन त्यांनी हट्टाने मराठीत केले. त्यामुळे ते बाहेरच्या विद्वानांपर्यंत उशिरा पोहोचले, हा त्या हट्टाचा तोटा. ७ जुलै १९१० रोजी पुण्यात त्यांनी खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्या साहाय्याने भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. त्याच सुमारास मिरजेस वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनांच्या दप्तरातील पत्रे ऐतिहासिक लेखसंग्रहात छापीत होते, तर साताऱ्यास द. ब. पारसनीस नियतकालिकांद्वारे साधने प्रसिद्ध करीत होते.

सर्वांत मोठा साठा, म्हणजे पेशवे दप्तर, मात्र सरकारच्या ताब्यात होता आणि अभ्यासकांना तो दीर्घकाळ जवळजवळ बंदच होता. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग संपादिले. पुण्याच्या पुराभिलेखागारातील मोडी रुमालांच्या संख्येपुढे हे भागही अल्पच ठरतात. या रुमालांत लढाया व तह थोडे आणि जमाखर्च, वसुली, वतनांचे तंटे फार. म्हणून अभिमानाच्या शोधात आलेल्याची त्यांत निराशा होते. पण आज पुणे महानगराची उपनगरे झालेली बिबवेवाडी, कोथरूड, हडपसर ही त्या काळी शेतीची गावे होती, आणि अशा गावांचा पूर्वेतिहास जाणायचा तर याच प्रकारच्या हिशेबांकडे वळावे लागते.

ही अस्मिता नेमकी कोणाची, हा वाद तिच्याइतकाच जुना आहे. जोतीराव फुले यांनी १८६९ मध्ये रचलेल्या पोवाड्यात शिवाजी महाराजांना कुळवाड्यांचा, म्हणजे शेतकऱ्यांचा राजा म्हणून उभे केले. कृष्णराव अर्जुन केळूसकर यांनी १९०६ मध्ये त्यांचे विस्तृत मराठी चरित्र लिहिले. गोविंद पानसरे यांची शिवाजी कोण होता? (१९८८) ही छोटी पुस्तिका त्याच प्रश्नाची पुढची मांडणी होय.

संशोधनग्रंथ थोडे वाचतात. कादंबरी पुष्कळ वाचतात. रा. भि. गुंजीकरांची मोचनगड (१८७१) ही पहिली मराठी ऐतिहासिक कादंबरी मानली जाते. या प्रकाराला खरी प्रतिष्ठा हरिभाऊ आपटे यांनी दिली, आणि येथे स्कॉटलंडचा धागा पुन्हा हाती येतो. आपट्यांवर स्कॉटचा संस्कार होता. करमणूक या त्यांच्या साप्ताहिकातून आलेल्या उषःकालात (१८९५–९७) सुलतानगडच्या किल्लेदाराचा कल्पित पुत्र नानासाहेब याला पुढे ठेवून शिवकाल पार्श्वभूमीस योजला आहे. ही रीत स्कॉटचीच. पुढे रणजित देसाई यांची स्वामी (१९६२), ना. सं. इनामदार यांची राऊ (१९७२) व शिवाजी सावंत यांची छावा (१९७९) यांत ऐतिहासिक पुरुषच नायक झाला. त्यामुळे भावनेची उत्कटता वाढली, पण कादंबरी हाच इतिहास समजण्याची सवयही वाढली.

संभाजी महाराजांची प्रतिमा या दृष्टीने उद्‌बोधक आहे. त्यांच्या आज्ञेने बाळाजी आवजी चिटणीसांना देहान्त शिक्षा झाली होती. त्याच घराण्यातील मल्हार रामराव चिटणीसांनी सव्वाशे वर्षांनंतर लिहिलेल्या बखरीत संभाजी महाराजांचे चित्र काळेकुट्ट आहे. ग्रँट डफने ती बखर साधन म्हणून वापरली, आणि नाटककारांनीही दुर्व्यसनी, उतावीळ राजपुत्राचीच प्रतिमा उचलली. राम गणेश गडकरी यांचे अपूर्ण राहिलेले राजसंन्यास त्यातलेच. वा. सी. बेंद्रे यांनी अनेक वर्षे देशी-परदेशी कागद धुंडाळून १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्राने ही प्रतिमा बदलली; कमल गोखले यांच्या शिवपुत्र संभाजी (१९७१) या ग्रंथाने तिला आणखी आधार दिला. छावा कादंबरीने नवे चित्र घरोघर नेले आणि २०२५ मधील तीवर आधारलेल्या हिंदी चित्रपटाने ते महाराष्ट्राबाहेर पोहोचविले. संशोधकाची सावध विधाने मात्र या प्रवासात पहिल्याच टप्प्यावर गळून पडली.

ग्रंथांतून वाढलेला अभिमान ग्रंथांवरच उलटल्याचेही येथे घडले आहे. शिवाजी महाराजांविषयीच्या एका परदेशी अभ्यासकाच्या पुस्तकातील मजकुरावरून ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला झाला व हस्तलिखितांची आणि ग्रंथांची नासधूस झाली. त्या संस्थेने पुस्तक लिहिले नव्हते. तेथील ग्रंथालयाचा लेखकाने उपयोग केला होता, एवढाच संबंध. जानेवारी २०१७ मध्ये पुण्यातील संभाजी उद्यानातून गडकऱ्यांचा पुतळा उखडण्यात आला, तोही राजसंन्यासमधील चित्रणामुळे.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रात असून बारावा, जिंजी, तमिळनाडूत आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस राजाराम महाराजांच्या आश्रयाने कृष्णाजी अनंत सभासदाने शिवचरित्राची सर्वांत जुनी बखर लिहिली, ती जिंजी येथेच. किल्ल्यांच्या मानाने कागदांची स्थिती बिकट आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतून शिकविली जाणारी मोडी लिपी आज बहुतेक सुशिक्षित मराठी माणसांना वाचता येत नाही. पुराभिलेख संचालनालय व भारत इतिहास संशोधक मंडळ मोडीवाचनाचे वर्ग चालवितात. न उलगडलेल्या रुमालांचे वाचन त्यांतून तयार होणाऱ्या मोजक्या वाचकांवर अवलंबून आहे.