कट्ट्यावरून क्रेमलिनपर्यंत

दादरच्या शिवाजी पार्कचा कट्टा असो, गावातला वडाचा पार असो की सकाळची गच्च भरलेली कर्जत लोकल असो, युक्रेनपासून एआयपर्यंत प्रत्येक विषयावर तिथं कुणाचं ना कुणाचं मत तयार असतं. या गप्पांना रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणणारे खुशाल म्हणोत. मला त्या मनापासून आवडतात. त्यांचा इतिहास वाचायला लागल्यापासून तर आदरच वाटायला लागलाय. कारण या गप्पांना राजे घाबरलेत, त्यांनी सरकारी नियम बदलायला लावलेत आणि एकदा तर एका अवाढव्य देशात रणगाडे कुठं आहेत आणि कुठं नाहीत याचा हिशेब मांडलाय.

राजाची माघार

लंडनमधलं पहिलं कॉफीगृह पास्क्वा रोझे नावाच्या माणसानं १६५२ च्या सुमारास कॉर्नहिलजवळच्या एका गल्लीत उघडलं. बघता बघता अशी कॉफीगृहं शहरभर झाली. एक पेनी टाकली की कॉफी, बातमीपत्र आणि वाद, तिन्ही मिळायचं, म्हणून लोक त्यांना ‘पेनी विद्यापीठं’ म्हणायला लागले. सरदाराशेजारी दुकानदार बसायचा आणि दोघंही परराष्ट्र धोरणावर बोलायचे. दुसऱ्या चार्ल्स राजाला हे सोसेना. २९ डिसेंबर १६७५ ला त्यानं फर्मान काढलं की १० जानेवारीपासून सगळी कॉफीगृहं बंद. तिथं सरकारची बदनामी करणाऱ्या खोट्या बातम्या पसरतात, असं कारण दिलं. लोकांनी एवढा गदारोळ केला की ८ जानेवारीलाच फर्मान मागं घ्यावं लागलं. बंदी लागू व्हायच्या दोन दिवस आधीच उठली!

यांतल्याच एका कॉफीगृहात, एडवर्ड लॉइडच्या, खलाशी आणि व्यापारी जहाजांच्या खबरा घ्यायला जमायचे. तिथूनच पुढं ‘लॉइड्स ऑफ लंडन’ हा विम्याचा बाजार उभा राहिला.

पंचविशीतलं हँडल

टोपणनावानं परखड लिहिणं ही काही सोशल मीडियाची देणगी नाही. १८४८ मध्ये मुंबईच्या ‘प्रभाकर’ या साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या नावानं पत्रं यायला लागली. जातिभेद, स्त्रियांची स्थिती, इंग्रजांचं राज्य का आलं, आपलं काय चुकलं, सगळं त्यात यायचं. पत्रं लिहिणारे गोपाळ हरी देशमुख तेव्हा पंचवीस वर्षांचे होते आणि सरकारी नोकरीत होते. भाऊ महाजनांनी ती छापली आणि १८५० पर्यंत शंभरावर पत्रं झाली. तीच आपली ‘शतपत्रं’. आजच्या भाषेत सांगायचं तर मराठीतलं हे पहिलं गाजलेलं हँडल.

बैलाचं वजन

आता मला सगळ्यात आवडणारा किस्सा. १९०६ साली इंग्लंडमधल्या प्लिमथ इथं पशुप्रदर्शन भरलं होतं. एक धष्टपुष्ट बैल उभा केलेला. कापून, साफ करून त्याचं वजन किती भरेल ते ओळखा आणि बक्षीस जिंका, अशी स्पर्धा. सहा पेन्सचं तिकीट. खाटीक, शेतकरी, कारकून, फिरायला आलेले, सगळ्यांनी आकडे टाकले. फ्रान्सिस गॉल्टन या शास्त्रज्ञानं नंतर ती तिकिटं मागून घेतली. वाचता येण्याजोगी ७८७ निघाली. सगळे आकडे चढत्या क्रमानं लावल्यावर मधला आला १२०७ पौंड. खरं वजन निघालं ११९८! पुढं सरासरी काढली तर ती ११९७, म्हणजे अवघ्या एका पौंडाचा फरक. सामान्यांच्या अकलेवर गॉल्टनचा फारसा भरवसा नव्हता, तरीही लोकांचा निवाडा अपेक्षेपेक्षा विश्वासार्ह निघाला हे त्यानं प्रामाणिकपणे छापलं.

मात्र एक गोष्ट विसरायची नाही. प्रत्येकानं आपापल्या डोळ्यांनी बैल पाहिला होता आणि शेजाऱ्याच्या तिकिटात न डोकावता आकडा लिहिला होता.

शिवाय गर्दीत सगळ्या थरांतली माणसं नसली, की ती कितीही मोठी असो, फसते. अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ या नियतकालिकानं १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी एक कोटी कार्डं पाठवली. वीस लाखांहून जास्त उत्तरं आली. अंदाज छापला: रूझवेल्टविरुद्ध उभे असलेले लँडन जिंकणार. प्रत्यक्षात रूझवेल्टनी ४८ पैकी ४६ राज्यं घेतली. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या यादीतून आणि मोटारींच्या नोंदणीतून. मंदीच्या त्या काळात फोन आणि गाडी कुणाकडं होती? ज्यांच्याकडं नव्हती त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. त्याच निवडणुकीत जॉर्ज गॅलपनं कितीतरी लहान पण नीट निवडलेल्या गटाला विचारून विजेता बरोबर सांगितला. ‘डायजेस्ट’ दोन वर्षांत बंद पडलं.

तो लाल फोन

जागतिक राजकारणावरच्या गप्पांत हमखास येणारी वस्तू म्हणजे अमेरिकेच्या अध्यक्षांच्या टेबलावरचा लाल फोन. उचलला की थेट मॉस्को. प्रत्यक्षात ही हॉटलाइन फोनची नव्हतीच, ती होती टेलिप्रिंटरची. तिची गरज कळली १९६२ च्या क्युबा पेचप्रसंगात. सोव्हिएत नेते ख्रुश्चॉव्ह यांचं एक लांबलचक पत्र वॉशिंग्टनला पोचून त्याचा अनुवाद व्हायला जवळपास बारा तास लागले. वॉशिंग्टनमधल्या सोव्हिएत राजदूतांची तार न्यायला तर सायकलवरून पोऱ्या यायचा. जग अणुयुद्धाच्या काठावर आणि निरोप सायकलवर! पुढच्या वर्षी, ३० ऑगस्ट १९६३ ला टेलिप्रिंटरची तार सुरू झाली. अमेरिकेनं पहिला चाचणी संदेश पाठवला तो आळशी कुत्र्यावरून उडी मारणाऱ्या चपळ कोल्ह्याचा, इंग्रजीतली सगळी अक्षरं असलेल्या वाक्याचा. फोनऐवजी लेखी मजकूर निवडला तो समोरच्याला वाचून, विचार करून उत्तर देता यावं म्हणून. रात्री अकरा वाजता रागानं उत्तर टाइप करणाऱ्या प्रत्येकानं ही कल्पना उसनी घ्यावी, असं मला वाटतं.

लॉ, हसरा चेहरा आणि न संपणारा सप्टेंबर

इंटरनेटच्या पूर्वजावर, आर्पानेटवर, २९ ऑक्टोबर १९६९ ला पहिला संदेश गेला. टाइप करायचं होतं ‘लॉगिन’. पहिली दोन अक्षरं, म्हणजे ‘लॉ’ एवढंच, पोचली आणि पलीकडचं यंत्र बंद पडलं.

विनोद कळला नाही म्हणून पेटलेली भांडणं त्या काळीही होती. कार्नेगी मेलन विद्यापीठात लिफ्टमध्ये पारा सांडल्याचा एक विनोद काहींनी खरा मानला. त्यावर स्कॉट फालमननं १९ सप्टेंबर १९८२ ला उपाय सुचवला की विनोदापुढं अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस टाका. मान वाकडी करून बघितलं की हसरा चेहरा :-)

युजनेट या जुन्या चर्चागटांच्या जाळ्यावर दर सप्टेंबरला कॉलेजची नवी पोरं यायची, गोंधळ घालायची आणि महिन्याभरात रीतभात शिकायची. १९९३ पासून घरोघरची माणसं यायला लागली, ती थांबेचनात. जुन्यांनी वैतागून त्याला ‘कधीच न संपणारा सप्टेंबर’ म्हटलं. मी इथं नव्यांच्या बाजूची आहे. गोव्याबाहेर पांगलेल्या गोंयकारांना जोडणारं ‘गोवानेट’ १९९४ मध्ये अमेरिकेतल्या एका किशोरवयीन गोंयकारानं सुरू केलं आणि ‘मायबोली’ हे मराठी संकेतस्थळ १९९६ च्या गणेशोत्सवात उभं राहिलं. ही सगळी त्या सप्टेंबरचीच लेकरं.

गणपती दूध प्याला तेव्हा

तारीख २१ सप्टेंबर १९९५. आपल्याकडं सामान्यांसाठी इंटरनेट सुरू होऊन जेमतेम पाच आठवडे झाले होते, म्हणजे ते जवळजवळ कुणाकडंच नव्हतं. तरी गणपतीची मूर्ती दूध पिते, ही दिल्लीत पहाटे उठलेली बातमी दुपारपर्यंत देशभर आणि त्याच दिवशी लंडनच्या साउथॉलमध्येही पोचली. साध्या लँडलाइनवरून! अफवेला वेगवान इंटरनेट लागत नाही. नात्यातला एक आवाज पुरतो.

त्या दिवशी फार तर दूध सांडलं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात माणसं गेली. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे संदेश मोबाइलवरून पसरले होते. भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठार मारलं. त्या जमावातल्या कुणीही मूल पळवताना पाहिलं नव्हतं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपवर ‘फॉरवर्डेड’ ही खूण आली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढं पाठवायची मर्यादाही आली. तुमच्या फोनमधल्या त्या छोट्या बाणाच्या खुणेमागं राईनपाड्यासारख्या घटना आहेत.

उत्तर द्यायचं बटणच नाही

चांगल्या बातम्याही आहेत. २०१५ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकानं इंटरनेटच्या समान वापराबद्दल शंभरावर पानांचा इंग्रजी मसुदा काढून लोकांची मतं मागवली. एरवी असल्या कागदाकडं कोण बघतं? या वेळी दहा लाखांहून जास्त ईमेल आले. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायनं वेगवेगळ्या साइटसाठी वेगवेगळे दर लावायला बंदी केली.

तैवाननं २०१५ मध्ये उबरबद्दल लोकांना विचारताना ‘पोलिस’ नावाची प्रणाली वापरली. नावावर जाऊ नका, पोलिसांशी तिचा काही संबंध नाही. त्यात कुणीही विधान टाकावं आणि इतरांनी सहमत, असहमत किंवा ‘पुढं चला’ एवढंच म्हणावं. उत्तर द्यायचं बटणच नाही! त्यामुळं भांडायला जागा उरत नाही, आणि दोन्ही गट ज्यावर एक आहेत ती विधानं वर येतात. टॅक्सीवाले आणि उबरवाले सुरक्षितता, विमा, नोंदणी यांवर बरेच एकत्र निघाले, आणि नियम करताना त्याचा आधार घेतला गेला. कधी लोकांचं म्हणणं निम्मंच ऐकलं जातं. ब्रिटनमध्ये २०१६ साली ध्रुवीय संशोधनाच्या जहाजाला लोकांनी मतदानात ‘बोटी मॅकबोटफेस’ हे नाव दिलं. जहाजाला सर डेव्हिड अ‍ॅटनबरोंचं नाव लागलं, पण त्यावरच्या पाणबुडी यंत्राला बोटी हेच नाव ठेवलं.

क्रेमव्हॅक्स

१ एप्रिल १९८४. शीतयुद्ध ऐन भरात. युजनेटवर संदेश झळकला: सोव्हिएत संघ आता इथं आला आहे, पाश्चात्त्य जनतेशी मोकळी चर्चा करू इच्छितो. खाली नाव सोव्हिएत नेते चेर्नेन्कोंचं आणि यंत्राचं नाव ‘क्रेमव्हॅक्स’. कितीतरी जणांनी खरं मानलं. तो एप्रिल फूल होता, अ‍ॅमस्टरडॅमच्या पीट बीर्टेमानं केलेला.

सहा वर्षांनी, ऑगस्ट १९९० मध्ये, मॉस्कोतले ‘डेमोस’चे प्रोग्रॅमर फिनलंडमार्गे खरोखरच जगाला जोडले गेले. त्यांच्यातला वादिम अंतोनोव्ह हा किस्सा जाणून होता. त्यानं पुढं आपल्या एका यंत्राचं नावच क्रेमव्हॅक्स ठेवलं.

आणि मग १९ ऑगस्ट १९९१, सोव्हिएत सत्तेतल्या कट्टरांचं बंड. राष्ट्राध्यक्ष गोर्बाचेव्ह क्रायमियात नजरकैदेत, मॉस्कोत रणगाडे, टीव्हीवर ‘स्वान लेक’ बॅले, बरीच वर्तमानपत्रं बंद. साध्या टेलिफोनच्या तारांवर चालणारं, अंतोनोव्ह मंडळींचं ‘रेलकॉम’ जाळं बंद करायचं मात्र कुणाला सुचलं नाही. परदेशातून काळजीच्या आणि चौकशीच्या संदेशांचा इतका पूर आला की त्या अरुंद वाटेत गर्दी करू नका, अशी विनवणी अंतोनोव्हला करावी लागली. रेलकॉमवाल्यांनी देशभरच्या सदस्यांकडं एकच मागणी केली. बंडाबद्दलचं तुमचं मत नको. उठा, खिडकीबाहेर बघा आणि जे दिसतंय तेवढंच लिहा.

शहराशहरांतून ओळी येत गेल्या. त्या एकत्र लावल्यावर चित्र स्पष्ट झालं: सैन्य रस्त्यावर आहे ते फक्त मॉस्को आणि लेनिनग्राडमध्ये. बाकी देशात खिडकीबाहेर रणगाडा नव्हता. तिसऱ्या दिवशी बंड कोसळलं.